शाम्पूचं कूळ

परवा नातीनं न्हाणीघरात शाम्पूची पुडी दातानं फोडली. शिकेकाईचा तो खोटा वास घरभर पसरला आणि मी थेट पडेगावच्या माहेरी, मला पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या बैठकीत जाऊन बसले.

मुलगा इंग्रजीचा मास्तर होता. पोहे संपले, बोलणं खुंटलं. तेव्हा तो आपणहून म्हणाला, "शाम्पू हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. हिंदीत 'चांपो' म्हणजे दाबा, चेपा. आधी त्याचा अर्थ अंग चेपून देणं असाच होता. केस धुणं मागून आलं."

वैजापूरहून आलेल्या माझ्या आत्यानं बशी खाली ठेवली आणि मला आत ओढलं. "ऐकलंस का? हुंडा नको म्हणले, तवाच मला शंका आली व्हती. सासूचे पाय चेपायला पोरगी पायजे त्यांना, तेच आडून सांगतोय. लई बेरकी हाय!"

मी पडद्याआडून पाहिलं. तो मान खाली घालून बशीत उरलेले शेंगदाणे वेचत होता. मला तेही संशयास्पदच वाटलं. तरी मी हो म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडून कधी पाय चेपून घेतले नाहीत. आत्या मात्र शेवटच्या आजारपणात आमच्याकडं राहिली. रोज संध्याकाळी तेल कोमट करून तिचे पाय हेच चेपायचे. ती सुखानं डोळे मिटून पडायची. हे हात धुवायला गेले की माझा पदर ओढून कुजबुजायची, "सावध राहा गं. एवढं करतोय, म्हंजी काहीतरी मागणारच हा."