पिसं बदला, बाण टाकू नका

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणंदच्या बाजारात मुलींच्या वसतिगृहासाठी पत्रकं वाटत होते. हातातली पत्रकं संपवली आणि मगच इस्लामपूरची एसटी धरली. कुणाला हे दगडाचं काळीज वाटलं तर वाटू दे. काम अर्धं टाकून रडत आलेल्या भाचीला तिनं दारातूनच परत पाठवलं असतं.

कुसुमआत्या, माझ्या वडिलांची बहीण, इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात मुलींना धनुर्विद्या शिकवायची. शिकवायची म्हणजे अर्धा वेळ भांडायची... मैदानासाठी, संध्याकाळी पोरींना घराबाहेर सोडावं म्हणून त्यांच्या घरच्यांशी. गावच्या धनुर्विद्या क्लबात कार्बनचे बाण आले ते मुलांना मिळाले. मुलींच्या हाती बांबूचेच राहिले. स्पर्धेत मात्र समोर सगळे कार्बनवाले. आत्या क्लबच्या समितीपुढं गेली. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, मुलींची उद्या लग्नं होतील, त्यांना एवढा भारी माल कशाला? आत्या म्हणाली, "आवं दादा, लग्नं हुतील तवा अक्षता टाकाय या. आज बाण द्या."

बाण मिळाले नाहीत. मिळालं ते कोठीतलं पोतं. मुलांनी टाकून दिलेले बाण होते त्यात, शेपटाकडची प्लास्टिकची पिसं फाटलेली, चुरगळलेली. पीस फाटलं की बाण हवेत डोलतो आणि बरोबर धरलेला नेमही चुकतो. पण दांडी शाबूत असते! टाकून द्यायची घाई कुणाला असते, तर ज्याला नवं मिळणार आहे त्याला.

आत्यानं ते पोतं अंगणात ओतलं. एकेक बाण दोन्ही हातांनी हलकासा वाकवून ती कानाशी धरायची. आम्ही पोरी कुजबुजलो की म्हणायची, "गप बसा गं, ऐकू द्या." करकर आली की बाण मोडून बाजूला, कारण चिरलेला कार्बन सोडताना फुटला तर त्याची कुसळं हातात घुसतात. चांगल्या बाणावर बोथट सुरी आडवी सरकवून जुनं पीस सोलायचं, उरलेला गोंद नखानं काढायचा, मग स्पिरिटचा बोळा. पुसल्यावर दांडीला बोट लावणाऱ्या पोरीच्या हातावर टपली बसायची. मग गोंदाची बारीक रेघ आणि नवी तीन पिसं, त्यातलं एक पोपटी, बाण कसा लावायचा ते झटक्यात कळावं म्हणून. एकीनं गोंद स्टोव्हवर शेकून सैल करू म्हटलं, तर आत्या म्हणाली, "भाकरी हाय व्हय ती?"

खंडेनवमीला क्लबात हत्यारांची पूजा व्हायची. बाणांना तेल, हळद, कुंकू. तेलकट दांडीवर पीस टिकत नाही, हे आत्यानं सांगून पाहिलं. तर तिला देवाचं वावडं आहे अशी बोलणी तिनं ऐकली. पुढच्या खंडेनवमीला तिनं पाटावर बोथट सुरी आणि गोंदाची नळी मांडली. आमची हत्यारं ही, म्हणाली. काहींनी नाकं मुरडली. पोरींनी सुरीला हळद वाहिली.

आणि शोकसभेत बघते तर काय... व्यासपीठावर काचेची पेटी, पेटीत आत्याचे सगळे बाण. तेल लावलेले, हळदकुंकवानं माखलेले, वर झेंडूचा हार. रविवारी साताऱ्याला पोरींची विभागीय निवड चाचणी होती आणि दुसरे बाण नव्हते. अध्यक्ष म्हणाले, ही आठवण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जपू. मी उभी राहून विचारलं, मग पोरी काय घेऊन जाणार? "आज हा विषय नको, बाळ," ते म्हणाले.

"आजच आहे हा विषय," मी म्हणाले.

तोवर आत्याची विद्यार्थिनी दीपाली व्यासपीठावर पोचली होती. तिनं झाकण उघडलं, हार आत्याच्या फोटोला घातला आणि बाण कवेत घेऊन उतरली. कुणी अडवलं नाही.

आत्याच्या अंगणात आम्ही सगळी पिसं सोलली, कारण तेल गोंदात शिरलं होतं. स्पिरिटनं दांड्या पुन्हा पुन्हा पुसल्या. एक बाण दीपालीच्या कानाशी करकरला. तिनं तो गुडघ्यावर मोडला. तेवढ्यात फाटकाशी अध्यक्ष आले. पेटीत आता ठेवायचं काय, असं त्यांनी हळूच विचारलं. दीपालीनं मोडके तुकडे फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिले.

"हा ठेवा. हा उडणार न्हाई."

पोरी खुसखुसल्या. दीपालीनं पुढचा बाण उचलला, वाकवला, कानाशी धरला.

"गप बसा गं," ती म्हणाली. "ऐकू द्या."