कुटुंबातील दुसरी व्यक्ती

ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणत, आणि ते नाव तिनं कमावलेलं होतं. घराला कुलूप लावलं की ती ते तीनदा ओढून बघे. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या जिन्यातून परत येई. नवरा पाहुण्यांना सांगे, "लग्न ठरताना हिनं मला दोनदा विचारलं, नक्की ना? मीच बावळट, दोन्ही वेळा हो म्हणालो."

सरकारी संगणक विभागात तिचं कामच शंका काढण्याचं होतं. नवी वेबसाइट तयार झाली की लोकांच्या आधी ती तिथे शिरायची. वयाच्या जागी तीनशे लिहायची, नावाच्या जागी फोन नंबर टाकायची, आणि जिथे गाडं अडेल तिथला दोष क्रमांक घालून यादीत नोंदवायची. सव्वीस वर्षं तिनं हेच केलं.

आरोग्य विम्याच्या वेबसाइटची यादी त्र्याण्णव दोषांवर गेली. त्यातला एक्केचाळिसावा साधा होता. 'कुटुंबातील एकूण व्यक्ती' इथे एक असं लिहिलं, तर फॉर्म पुढे सरकत नव्हता. दुसऱ्या व्यक्तीचं नाव मागत बसायचा.

साहेबांनी यादी वाचून चष्मा कपाळावर चढवला. माणूस वाईट नव्हता, पण आरोग्यमंत्र्यांनी उद्घाटनाची तारीख आधीच जाहीर करून टाकली होती आणि साहेबांची झोप उडाली होती.

"अहो, एकटं कोण असतं हल्ली? प्रत्येकाला कोणी ना कोणी असतंच. हे किरकोळ आहे, नंतर बघू."

यादीत प्रत्येक दोषापुढे दोन चौकोन होते, 'थांबवा' आणि 'चालेल'. शंकाताईनं एक्केचाळिसाव्यापुढे 'चालेल'वर खूण केली आणि खाली सही ठोकली. कुलूप तीनदा ओढणाऱ्या बाईनं सही करताना मात्र एकदाही मागे वळून पाहिलं नाही. हे तिला पुढे फार दिवस खुपत राहिलं.

उद्घाटनाला मंत्र्यांनी बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर एक चाक गोल फिरू लागलं. मंत्री फोटोवाल्यांकडे बघून चार मिनिटं हसत राहिले. चाक काही थांबलं नाही. दुपारपर्यंत घरोघरी तेच चाक फिरत होतं.

मग खापर फोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला, आणि तो मात्र कुठेही न अडकता चालला. मंत्री म्हणाले, कंपनी नालायक. कंपनी म्हणाली, विभागानं कागद उशिरा दिले. विभाग म्हणाला, लोक सगळे एकदम आले. जसं काही लोकांनी पाळीपाळीनं आजारी पडायला हवं होतं! विरोधी पक्षाचे नेते रोज टीव्हीवर राजीनामा मागत, आणि मागताना इतके खुशीत दिसत की वेबसाइट दुरुस्त झाली असती तर त्यांचीच पंचाईत झाली असती.

महिन्याभरात वेबसाइट लंगडत का होईना, चालू लागली. तेव्हा एका रविवारी शंकाताई लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेली. मावशीनं चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती, पण विम्याचं कार्ड दाखवल्याशिवाय रुग्णालय दाखल करून घेणार नव्हतं.

शिवणाच्या मशिनवर लॅपटॉप ठेवून शंकाताईनं फॉर्म भरायला घेतला. एकूण व्यक्ती, एक. लाल ओळ उमटली: 'कृपया कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीचे नाव भरा.' तिचा चेहरा पडला. एक्केचाळिसावा दोष अजून जागच्या जागी होता.

"काय म्हणतंय ते?" मावशीनं विचारलं.

"दुसऱ्या माणसाचं नाव मागतंय."

"मग ह्यांचं घाल ना. त्यात काय?"

"अगं, काका आता..."

"ते जिवंत आहेत का, असं विचारलंय का तिथे?"

तसं कुठेच विचारलं नव्हतं. हा दोष तर तिच्या यादीतही नव्हता. सोमवारी साहेबांशी भांडायचं, की आज कार्ड काढून मोकळं व्हायचं? शस्त्रक्रियेला तीन आठवडे उरले होते. तिनं काकांचं नाव घातलं, जन्मतारीख घातली. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, 'वरील माहिती बरोबर आहे का?' मावशीनं डोळ्यांवर चष्मा ठेवून दोन्ही नावं एकाखाली एक वाचली.

"अगदी बरोबर. दाब."

कार्ड आलं. मावशीनं ते भिंतीवरच्या काकांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं.

दहा दिवसांनी विभागात कोणीतरी सगळ्या कार्डांवरची नावं मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली, आणि अकरा हजार मेलेली माणसं विमा काढून बसलेली सापडली. महिनाभर एकमेकांची तोंडं न बघणाऱ्यांचं क्षणात एकमत झालं. मंत्री म्हणाले, वेबसाइट बुडाली ती या लबाड लोकांमुळे. विरोधक म्हणाले, मंत्र्यांनी लबाडांना मोकळं रान दिलं. लबाड कोण, यावर वादच उरला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

अकरा हजार कार्डं गोठवली गेली आणि घरोघरी नोटिसा गेल्या. मावशीच्या नोटिशीत लिहिलं होतं, 'मृत व्यक्तीचे नाव घालून शासनाची दिशाभूल.'

"कोणाच्या कापडातला चार बोटांचा तुकडा कधी ठेवून घेतला नाही मी," मावशी म्हणाली. "आणि आता लबाड?" थोड्या वेळानं तिनंच शंकाताईचा हात धरला. "तू काही बोलू नकोस हं. तुझी नोकरी आहे."

साहेबांचंही तेच म्हणणं होतं. चौकशीसाठी निवृत्त न्यायाधीश नेमले होते आणि शंकाताईला साक्षीला बोलावलं होतं. "तीन वर्षं राहिलीत तुमची," साहेब हळूच म्हणाले. "विचारलं तर म्हणा, तपासणीत असं काही आढळलं नाही. ती यादी कोण मागतंय?"

साक्षीच्या दिवशी घरातून निघताना तिनं कुलूप किती वेळा ओढलं, ते तिलाही आठवत नाही.

चौकशीच्या खोलीत सरकारी वकील एका बाजूला, विरोधकांचे दुसऱ्या बाजूला. मध्ये पंखा कुरकुरत होता. शंकाताईनं यादी टेबलावर ठेवली आणि एक्केचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा दोष मला सापडला होता. 'चालेल' असं मीच लिहिलं. खालची सही माझी आहे."

खोलीत चुळबुळ झाली. गेल्या दीड महिन्यात 'माझी आहे' असं कोणी म्हटलंच नव्हतं, त्यामुळे त्यावर काय विचारायचं ते वकिलांना सुचेना.

"म्हणजे दोष तुमचा?" सरकारी वकील शेवटी म्हणाले.

"सहीचा माझा. पण वकीलसाहेब, ती माणसं लबाड नाहीत हो. ती एकटी आहेत. फॉर्म त्यांना पुढे जाऊच देत नाही. माझ्या मावशीचा फॉर्म मी स्वतः भरलाय."

न्यायाधीशांनी लॅपटॉप मागवला. दोन बोटांनी, सावकाश, त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं. एकूण व्यक्ती, एक. लाल ओळ उमटली. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

"आता मी काय करायचं?"

"एक तर सोडून द्यायचं," शंकाताई म्हणाली, "नाहीतर कोणाला तरी आठवायचं."

न्यायाधीशांनी लॅपटॉप मिटला आणि नोटिसा थांबवण्याचा आदेश तिथेच लिहून दिला. मंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी 'एका कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणा'वर सगळं ढकललं, विरोधकांनी त्याच कर्मचाऱ्याला 'बळीचा बकरा' म्हणून उराशी धरलं, आणि ती कर्मचारी निलंबनाचा कागद पर्समध्ये घालून घरी आली. फॉर्म दोन दिवसांत दुरुस्त झाला. एवढंच काम होतं ते.

जुनी कार्डं रद्द झाली होती, फॉर्म नव्यानं भरायचे होते. शस्त्रक्रियेला चार दिवस उरले होते. शंकाताईनं पुन्हा शिवणाच्या मशिनवर लॅपटॉप ठेवला. एकूण व्यक्ती, एक. ह्या वेळी फॉर्म मुकाट्यानं पुढे सरकला. तिला इतकं हलकं वाटलं की ती हसलीच.

"झालं बघ मावशी! घेतलं त्यानं."

मावशी हसली नाही.

"म्हणजे ह्यांना काढलंस."

पडद्यावर प्रश्न येऊन थांबला होता, 'वरील माहिती बरोबर आहे का?' मावशीनं चष्मा लावला. वाचायला एकच नाव होतं, तरी तिला मागच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "दाब."