दुपारचा खेळ, जुना सिनेमा आणि आमची सई

आमच्या गल्लीतल्या बायका एकत्र बसल्या, की टॉकीजच्या गोष्टी निघतात. एकीची संपत नाही तोवर दुसरी म्हणते, "अगं, ते राहिलंच की!" या किश्श्यांचं वाळवण झालंय. सगळ्यांनी मिळून घातलं, सगळ्यांच्या डब्यात गेलं. आता कुठला पापड कुणाचा, ओळखू येत नाही.

सन दोन हजारच्या आगेमागे शिरूरच्या टॉकीजला दुपारच्या खेळाला जुने सिनेमे लागायचे. तेच सिनेमे केबलवरही यायचे, पण ते कणीक मळता मळता बघायचे. इथं हिरॉइनचा नुसता डोळाच आमच्या न्हाणीघराच्या दाराएवढा! त्यात पाणी आलं, की आपण बुडालोच.

माझी लेक सई तेव्हा तान्ही होती. ती झाल्यापासून मी एकाही सिनेमाचा शेवट बघितला नव्हता. शेवट जवळ आला की ती भोकाड पसरायची आणि मी बाहेर. एम.ए. झालेली बाई मी, पण कोण कुणाला मिळालं, हे बाहेर पडणाऱ्यांना विचारायचे! एक सिनेमा नावांपासून 'समाप्त'पर्यंत बघायचा, एवढंच मागणं होतं.

*

शेजारच्या शाहिदाभाभी माझ्याबरोबर असायच्या. त्यांना सगळे जुने सिनेमे पाठ. एकदा दिवे गेले, पडद्यावर नावं सुरू झाली आणि भाभी हुंदके द्यायला लागल्या.

"भाभी, अहो, अजून नावंच चाललीत!"

"मग काय करू? नंतर तू पोरीला घेऊन पळणार, तुझी पिशवी मी सांभाळणार. तेव्हा रडायला फुरसत कुठंय मला?"

*

तिसऱ्या आमच्या ठकूमामी. त्यांचं माहेर मेंढ्या राखणारं. लहानपण सगळं कळपामागं गेलेलं. एका सिनेमात हिरो डोंगरावर गाणं म्हणत मेंढ्यांमधून धावत सुटला. मामी ताडकन उभ्या राहिल्या.

"आरं ए! त्यातली एक गाभण हाय, पळवू नगंस तिला!"

मागून कुणीतरी ओरडलं, "मामी, खाली बसा, गाणं चालू हाय!"

"गाणं तू म्हण की! पर मेंढरं कुणी बघायची?"

पुढं हिरॉइन भेटली, व्हिलन मेला, सगळं गोड झालं. बाहेर पडताना मामींचा चेहरा उतरलेलाच. "त्या मेंढीचं काय झालं, ते कुणीच दाखवलं न्हाई."

*

माझी पिशवी हा एक वेगळाच किस्सा. बाटली, लंगोट, ग्राइप वॉटर, शिवाय सईच्या कानात घालायला कापूस. मारामारीच्या आवाजानं पोरीच्या कानाला काही होईल, या धास्तीनं मी एकदा दारावरच्या आप्पांना म्हटलं, "आवाज थोडा कमी होईल का?"

आप्पा भला माणूस. आत जाऊन ऑपरेटरला सांगून आले. आवाज कमी झाला... आणि इतका वेळ त्या धुमाकुळात गाढ झोपलेली सई त्या शांततेनं दचकून उठली! मग तिचाच आवाज सगळ्या टॉकीजभर.

आप्पा दार उघडून धरत म्हणाले, "ताई, पोरगी टॉकीजची हाय. तुम्हीच अजून घरच्या हायसा!"

त्या दिवसापासून कापूस मी माझ्या कानात घालते. नाही, हे खोटं. पण तसा विचार केला होता.

*

आता शेवटचा. दौंड आणि शिरूर, दोन टॉकीजना मिळून सिनेमाची एकच प्रिंट यायची. दौंडला दोन-तीन रिळं लावून झाली, की त्यांचे डबे मोटरसायकलवरून आमच्याकडे. त्या दिवशी डबे धापा टाकत आले आणि घाईत खालीवर झाले.

आम्हाला काय पत्ता! हिरॉइन आजारी पडली. भाभी रडून मोकळ्या झालेल्या. हिरॉइननं हिरोच्या मांडीवर प्राण सोडला. पडद्यावर 'समाप्त'. आणि सई झोपलेली! मी तिच्या नाकापाशी बोट धरून पाहिलं, श्वास ठीक होता. जिंकले मी!

लोक उठले. तेवढ्यात आप्पा ओरडले, "बसा, बसा! आजून एक डबा हाय!"

दिवे गेले. सनई वाजली. मघाशी मेलेली बया मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभी!

"वाचली गं बाई!" ठकूमामींनी हात जोडले.

अक्षता पडल्या, डबा संपला. ऑपरेटर खिडकीतून डोकावला. "चूक झाली, मंडळी. शेवटचा डबा परत नीट लावतो."

"खबरदार!" सगळ्या बायका एका दमात ओरडल्या. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. सई तरीही उठली नाही.

घरी आले, तर सासूबाई दारातच. "बघितलास का एकदाचा शेवट?"

"बघितला. लग्न झालं त्यांचं."

"लग्न? अगं, मरते ना ती! मी पदर भिजवला होता त्या सिनेमाला."

मी सईला पाळण्यात ठेवलं, दोरी हातात घेतली आणि म्हटलं, "तुम्ही संध्याकाळचा खेळ बघितला असेल, आई. दुपारच्या खेळाला जगते ती."