कंट्रोलची बाटली

आमच्या लॅबमध्ये सकाळी पेशंटचं रक्त मशीनला लावण्याआधी कंट्रोल लावतात. कंट्रोल म्हणजे बाटलीतलं तयार सीरम. त्यातली साखर किती, हे आधीच ठाऊक असतं. मशीनने तोच आकडा दिला, तरच पुढच्या रिपोर्टांवर विश्वास ठेवायचा.

आज आकडा बराच वर आला. नवी बाटली फोडली, तरी तेच.

"मॅडम, पेशंट खोळंबलेत," काउंटरवरची सुजाता म्हणाली.

"खोळंबू देत."

मशीन जुळवायचं स्टँडर्ड द्रावण लावून ते पुन्हा जुळवलं, तेव्हा कुठे कंट्रोल बरोबर आलं.

घरी माझं कंट्रोल म्हणजे हे होते. सकाळी चहाचा कप हातात घेताना माझ्याकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, "आज तुझं काहीतरी बिनसलंय." मी चिडायचे, पण संध्याकाळपर्यंत त्यांचंच खरं निघायचं. ते गेल्याला आता तीन वर्षं होतील. मुलगी रोज फोनवर विचारते, मी रोज "ठीक आहे" सांगते, अगदी न अडखळता.

सकाळी ते मशीनही चुकीचा आकडा असाच, न अडखळता सांगत होतं.