दहा मिनिटांची खुर्ची

बोलता बोलता तिचा उजवा हात वर जायचा आणि दोन बोटं गळ्याशी टेकायची. समोर साहेब असो की चहावाला, ती म्हणायची, "थांबा जरा. सुटलं."

सुटलं म्हणजे हृदय. कांदिवलीत आमचं औषधांच्या पॅकिंगचं युनिट होतं. ती सरकत्या पट्ट्यापाशी बसून गोळ्यांची पाकिटं तपासायची, मी तिचा सुपरवायझर. "पट्टा एक म्हणतो तोवर माझं तीन म्हणतं, साहेब," असं ती धडधडीचं वर्णन करी. थोड्या वेळाने थांबलं की मालवणीत म्हणे, "इला घराक," म्हणजे आलं घरी, आणि पुढचं पाकीट उचले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुखणं खरं, पण दाखवायला गेलं की नाहीसं होणारं. तिचा ईसीजी दर वेळी स्वच्छ यायचा. एका डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या, नवऱ्याने अंगारा आणला. पट्ट्यावरच्या बायका म्हणत, "हिचं सुरू झालं गं नाटक." शेवटी भांडुपच्या एका डॉक्टरने सांगितलं, धडधड चालू असतानाच ईसीजी काढून आणा, मग बोलू.

ईसीजीचं मशीन असलेला दवाखाना आमच्या गेटसमोरच होता. फक्त रस्ता ओलांडायचा. पण बाहेर पडायला गेटपास लागे आणि त्यावर माझी सही. माझा एक नियम होता. तब्येतीची तक्रार आली की आधी माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत दहा मिनिटं बसायचं, कूलरचं गार पाणी प्यायचं, मग बघू. निम्मी दुखणी त्या खुर्चीतच बरी होत. मला या नियमाचा अभिमान होता.

तिचंही बरं व्हायचं. गार पाण्याने तशी धडधड कधी कधी थांबते, हे मला नंतर कळलं. पण डॉक्टर काय म्हणाले ते तिने मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. तरी पाच वेळा मी तिच्या हातात ग्लास दिला आणि पाचही वेळा म्हणालो, "बघा, गेलं ना?" वर्षअखेरीच्या शेऱ्यात लिहिलं, 'काम उत्तम, स्वभाव घाबरट.' तिला लाइनची प्रमुख करायचं चाललं होतं, ते त्या शेऱ्यामुळे राहिलं.

सहाव्या वेळी तिने ग्लास घेतला नाही. चेहरा पांढरा पडला होता.

"पाणी नको, साहेब. सही द्या. नाहीतर मेले तरी म्हणाल, घाबरून मेली."

मी सही केली. अर्ध्या तासाने तिने कागदाची पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. दाटीवाटीने उभ्या रेघा. मग कामावर जाऊन बसली.

पुढे एका मोठ्या इस्पितळात तिचं अॅब्लेशन झालं. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, विजेची जास्तीची वाट शोधतात आणि तेवढीच जाळून बंद करतात. ती जागी होती. वाट सापडावी म्हणून डॉक्टरांनी धडधड मुद्दाम सुरू केली.

"मी हात वर करायला गेले," ती मला सांगत होती, "तर सिस्टर म्हणाली, राहू दे ताई, आम्हाला दिसतंय. मला रडूच आलं, साहेब."

मी विचारलं, दुखलं का. विचारायचं ते नव्हतं.

त्यानंतर कधी सुटलं नाही. हात मात्र सवयीने गळ्याशी जायचा, आणि मी सवयीने कूलरकडे निघायचो. "बसा, साहेब. पट्ट्याबरोबर चाललंय."

गेल्या वर्षी तिला भांडुपला, घराजवळ काम मिळालं. शेवटच्या दिवशी ती गेटपास घ्यायला आली. मी लगेच सही करून पुढे केला. तिने तो घेतला नाही. स्वतःच कूलरचं पाणी भरून आणलं आणि त्या खुर्चीत बसली.

"दहा मिनिटं होऊ देत की," ती म्हणाली.

ती सावकाश पाणी पीत राहिली. मी समोरच होतो. माफी मागायला दहा मिनिटं पुष्कळ असतात. मी घड्याळाकडे बघत बसलो. वेळ झाल्यावर तिने ग्लास विसळून जागेवर ठेवला, पास उचलला आणि गेली.