गिरजाची ओटी भरल्यानंतर

पोटात मूल नाही, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले तेव्हा गिरजाच्या ओटीत घातलेले खोबरे घरात अजून संपले नव्हते.

गिरजा माझी धाकटी जाऊ. अमरावतीच्या कडेला आमचा फुलांचा मळा आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची पाळी धड नव्हती. दोन-दोन, तीन-तीन महिने चुकायची. आमच्याकडे ते लपत नाही. फुले देवाला जातात, म्हणून पाळीतल्या बाईने मळ्यात पाय ठेवायचा नाही. मी दर महिन्याला गोठ्याशेजारच्या पडवीत बसायची आणि गिरजा मळ्यातच असायची. धाकटीला सुटीच नाही, असे आम्ही हसायचो. तो आजार आहे हे कोणाच्या मनात आले नाही.

यंदा पाच महिने उलटले. तिला ओकाऱ्या झाल्या, पोट सुटले. सासूबाईंनी हिरवी चोळी घेतली, ओटी भरली. माझी चार बाळंतपणे झाली आहेत. तिच्या पोटाला तेल लावताना माझ्या हाताला काहीच लागेना. मूल आतल्या आत गेले की काय, या भीतीने मी तिला अकोल्याच्या जनानी दवाखान्यात नेले. माझी बहीण अकोल्यातच राहते. गिरजाचा नवरा महादेव सोबत होता, पण पुरुषांना आत घेत नाहीत. तो फाटकाबाहेर लिंबाखाली बसला.

डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासले, पोटाला नळी लावून ऐकले. आठवड्याने पुन्हा बोलावून पुन्हा तेच केले. मग म्हणाल्या, "गर्भ गेला नाही. तो नव्हताच."

गिरजा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, हालते जी. रातीले हालते."

मला वाटले, आता डॉक्टरीणबाई रागावतील. पण त्या मला म्हणाल्या, "ती खोटे बोलत नाही. आतडी हलतात, आणि आस लागलेल्या बाईला ते मूल वाटते. तिला बोल लावू नका."

आजाराचे नाव अमेनोरिया, म्हणजे पाळी बंद पडणे. आपल्या शरीरातल्या काही गाठी रक्तात रस सोडतात, त्यांना हॉर्मोन म्हणतात. ते कमी पडले की पाळी चुकते. आधी इस्ट्रोजेन नावाच्या हॉर्मोनची इंजेक्शने द्यायची; त्याने गर्भाशयाचे अस्तर तयार होते. त्यावर प्रोजेस्टेरॉनची. ती थांबवली की अस्तर गळते आणि पाळी येते. असे लागोपाठ तीन महिने केले तर शरीर कधी कधी आपले आपण चालू लागते. "कधी कधी" हे त्यांनी दोनदा सांगितले. मूल व्हायची आशा धरायची तर त्यांच्याजवळ हाच उपाय होता. औषध परदेशी, आणि तिकडच्या लढाईमुळे मुंबईहूनही मोजकेच येते. आहे तेवढ्याने सुरुवात करू, असे ठरले.

मी बाहेर जाऊन महादेवभावजींना सगळे सांगितले. ते बराच वेळ लिंबोळ्या चिरडत बसले.

"मायले काय सांगू, वयनी?"

खरे तेच सांगा, असे मी म्हटले. त्यांनी घरी जाऊन सांगितले की गिरजाला आरामासाठी ठेवून घेतले आहे.

आम्ही दोघी बहिणीकडे राहिलो. औषध तेलातले, दाट. सुई जाड. कमरेखाली गाठी यायच्या, त्या मी मिठाच्या पुरचुंडीने शेकायची. पदर दातात धरून ती सुई सोसायची आणि मग दर वेळी तेच विचारायची, "त्याले लागते काय जी?"

पहिल्या वेळी मी सांगितले, तो नाहीच. पुढच्या वेळेपासून मी म्हणायची, नाही लागत. गाठींना डॉक्टरीणबाईंकडे शेकायचा उपाय होता, या प्रश्नाला नव्हता.

पहिल्या महिन्याची इंजेक्शने संपवून आम्ही घरी परतलो आणि चार-पाच दिवसांनी पाळी आली. ठरल्याप्रमाणे आली. औषध लागू पडले होते. मी आणि महादेवभावजी सोडून घरातल्या प्रत्येकाला वाटले की मूल गेले.

मी सांगायचा प्रयत्न केला. अस्तर, हॉर्मोन, जे ऐकले होते ते सगळे. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुले चार पोरं हायेत," त्या म्हणाल्या. "हिले एक होऊन राहिलं होतं, तं तुले पाह्यवलं नाही?"

महादेवभावजी दारातच उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि ते मळ्यात गेले.

गिरजाला बाळंतिणीसारखे निजवले. कढत पाणी, डिंकाचे लाडू. ओटीतले उरलेले खोबरे किसून त्यात घातले. तिची सेवा एवढी कधीच झाली नव्हती, तेवढ्यापुरते बरेच झाले म्हणायचे. मला त्या खोलीत जायची मनाई होती. दारातून दिसायची तेव्हा ती भिंतीकडे तोंड करायची.

दुसऱ्या महिन्याची इंजेक्शने घ्यायची वेळ आली आणि गेली. मी एकटीच अकोल्याला जाऊन आले. औषध आजारी बाईला देता येते, जावेला नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला चहा पाजून परत पाठवले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दिवशी आम्ही दोघीही सारख्याच निरुपयोगी होतो.

तुमच्या घरात कोणाची पाळी अशी चुकत असेल तर ओटी भरायच्या आधी तिला दवाखान्यात न्या. आणि नवऱ्याला फाटकाबाहेर बसवू नका. आत घेत नसतील तर डॉक्टरीणबाईंना बाहेर बोलवा. त्याने त्यांच्याच तोंडून ऐकले पाहिजे. मी हे केले नाही.

दसऱ्याआधी झेंडूची तोड चालली होती. मी या ओळीत, गिरजा पलीकडच्या. तोपर्यंत ती माझ्याशी बोललीच नव्हती. एकाएकी तिने अर्धी भरलेली टोपली खाली ठेवली आणि फुलांपासून अंग चोरत मळ्याबाहेर गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले.

ती पडवीच्या पायरीवर बसली होती. मी वरून पाणी ओतले, तिने ओंजळीने प्यायले.

"सुई नाही टोचली, तरी आलं जी," ती म्हणाली. "हे चांगलं हाय ना?"

चांगले आहे, असे मी सांगितले. इंजेक्शनांमुळे आले की आपसूक, पुन्हा येईल की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. ती आपल्या ओल्या हातांकडे पाहत राहिली.

"मंग तवाही हेच होतं काय, बाई?"

"हो. हेच होतं."

मग ती रडली. बाहेर बसलेल्या बाईला शिवायचे नसते. मी तिला जवळ घेतले, तिचे रडणे थांबेपर्यंत. मग मलाही मळ्यात जाता येईना, आणि त्या दिवशीची उरलेली तोड सासूबाईंना एकट्यांनाच करावी लागली.