डेन्मार्ककर

चार वर्षं माझ्या घरात राहिलेल्या माणसाकडे बघत मी एकदा म्हणालो, "यांना मी ओळखत नाही." मला कोणी धमकावलं नव्हतं. समोर नगरपालिकेचा तपासनीस होता, तो हळू आवाजात बोलत होता आणि त्याने एक साधा प्रश्न विचारला होता. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्या माणसाविषयी जे प्रेमाने लिहिणार आहे, ते वाचून तुम्ही मला चांगला समजाल.

त्यांचं नाव सुधाकर, गाव देवगडजवळचं. अबू धाबीच्या मुसाफा भागातल्या एका यार्डात ते स्कॅफोल्डिंग, म्हणजे पाइपांच्या परांच्या, तपासायचे. बांधलेल्या पाइपांवर चढून, हलवून बघून, मगच हिरवी चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. पण आमच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे डेन्मार्ककर म्हणत. डेन्मार्कला ते कधी गेले नव्हते. मात्र दर रविवारी दुपारी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या हॉलमध्ये एक डॅनिश पिक्चर लागायचा आणि ते टीव्हीच्या बाजूला उभे राहून त्यातला प्रत्येक संवाद मालवणीत बोलायचे. खाली इंग्रजी अक्षरं उमटायची, ती गालिच्यावर बसलेल्या अर्ध्या माणसांना वाचता यायची नाहीत. म्हणून हा उपाय. कोपनहेगनच्या एखाद्या देखण्या फ्लॅटमध्ये गोरी बायको खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायची आणि डेन्मार्ककर शांतपणे म्हणायचे, "माका सगळा ठावक आसा. तू खंय होतंस ता माका विचारूक लावू नको."

त्यांना आवाज बदलावा लागत नसे. बाई असो, पोलीस असो, ते एकाच सुरात बोलायचे आणि तरी कोण बोलतंय ते कळायचं. पात्रांची नावं मात्र ते पहिल्याच पाच मिनिटांत बदलून टाकत. "ह्यो दाढीवालो तो दत्ता. त्याची बायल सुमन. तिकडे उभो तो सासरो, त्याका नाव नाय दिला तरी चालात, तो मरतलो." सासरा खरोखरच मरायचा.

हा नाद त्यांना एका डॅनिश म्हाताऱ्याने लावला. तो पूर्वी यार्डात रंगकामाची तपासणी करायला होता. निवृत्त होऊन जाताना त्याने डीव्हीडींचा एक खोका यांच्या हातात दिला. डेन्मार्ककर सांगायचे, "पहिला पिक्चर लावला, साहेब, तर अर्धा तास वाटलं टीव्ही बिघडलाय. कोणी बोलतच नव्हतं. मग कळलं, ते बोलत नाहीत हीच स्टोरी आहे." माझ्याशी ते असे शहरी मराठीत बोलत, मालवणी गालिच्यावरच्या लोकांसाठी राखलेली होती. कंपनीच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जण, तिथे न बोलणाऱ्या लोकांचा पिक्चर कोण बघू देणार? म्हणून ते बाहेर खोली शोधत माझ्याकडे आले. मी भाड्याने घेतलेल्या व्हिलाच्या भागात स्वयंपाकघराला लागून कामवालीसाठी एक लहान खोली होती, ती मी त्यांना भाड्याने दिली. ती खोली त्यांच्यासाठी काय होती ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. म्हणजे पुढे जे केलं ते मी नकळत केलं, असं मला म्हणता येत नाही.

सुरुवातीला ते एकटे बघत. मग त्यांच्या यार्डातला बाबू फिटर आला, मग अजून दोघे, करता करता गालिचा भरला. सोफ्यावर आम्ही ऑफिसवाले, सहकुटुंब, खाली ते. माझी बायको वर्षा सगळ्यांना चहा करायची. बाहेर शेहेचाळीस डिग्री आणि आत जाड पडदे ओढून आम्ही बर्फ बघायचो. कॅमेरा हातात धरून काढलेली हलती दृश्यं आली की बाबू म्हणायचा, "कॅमेरावाल्याक थंडी वाजता काय रे? त्याका शाल देवा." डेन्मार्ककर न हसता उत्तर द्यायचे, "तू गप. तो घाबरलोहा. तूय घाबर."

त्या पिक्चरांविषयी त्यांचे काही ठाम सिद्धांत होते. "टेबलावर मेणबत्ती लावली की समजायचं, आता कोणीतरी खरं बोलणार. आणि खरं बोललं की जेवण वाया जाणार." हे इतक्या वेळा खरं ठरलं की पडद्यावर कोणी काडेपेटी उचलली तरी गालिच्यावरून "इलो, इलो" असा गलका व्हायचा. विनोदी पिक्चरांची वेगळीच तऱ्हा. एकात गावातल्या भजनी मंडळासारख्या एका गायकवृंदातला माणूस मरतो आणि तो आयुष्यभर बेसूर गात होता हे त्याच्या बायकोला सांगायचं कसं, म्हणून सगळे दीड तास घाम पुसत फिरतात. बाबूने मध्येच विचारलं, "डेन्मार्ककरानु, हसाचा की रडाचा, ता एकदा सांगा." ते म्हणाले, "दोनय. तिकीट एकच आसा."

पण त्यांचा जीव थरारपटांवर. ते म्हणायचे, "आपल्याकडे व्हिलन असतो, साहेब, म्हणून आपण सुटतो. यांच्या पिक्चरात व्हिलन नसतो. एक साधा माणूस असतो आणि तो घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस काय काय करतो, तेवढंच दाखवतात." पिक्चर अगदी रंगात आला की ते रिमोटने थांबवत आणि सगळ्यांना विचारत, "आता तुम्ही असता तर?" एकेकाने उत्तर द्यायचं. फिटर, वेल्डर, अकाउंटंट, सगळ्यांनी. माझी मुलगी सई इंग्रजीत उत्तर द्यायची, "अंकल, आय वुड जस्ट टेल द ट्रूथ." ते मान डोलवायचे. "तुझ्या वयात मीपण हेच सांगितलं असतं, बाय."

माझी पाळी आली की मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो, कारण माझं लक्ष नसायचं. त्या चार वर्षांत मी एकही पिक्चर धड बघितला नाही. माझा एक कान कायम दाराकडे. घराचा करारनामा माझ्या नावावर, त्यावर फक्त आम्हा तिघांची नावं. घरात चौथा माणूस ठेवणं नियमात बसत नव्हतं आणि हे मला खोली देतानाच माहीत होतं. व्हॉट्सअॅपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी कळवायचं की अमुक गल्लीत तपासणी झाली. मग मी आठवडाभर ऑफिसातही दचकत असे. रविवारी दाराबाहेर वीस-बावीस जोडी चपला जमायच्या. मी गुपचूप त्या गोळा करून बाथरूममध्ये नेऊन ठेवायचो. डेन्मार्ककरांनी एकदा मला त्या उचलताना पकडलं. म्हणाले, "साहेब, इतकी भीती वाटत असेल तर सांगा, मी दुसरी खोली बघतो." मी म्हटलं, "छे हो, भीती कसली." भाडं मला सोयीचं होतं आणि माणूसही आवडत होता. मला दोन्ही हवं होतं, फक्त त्याची जोखीम नको होती.

जुलै महिना होता. वर्षा आणि सई सुटीला पुण्याला गेल्या होत्या, सोफ्यावरची बाकी कुटुंबंही भारतात. गालिच्यावर बाबू धरून अकरा जण होते, डेन्मार्ककर टीव्हीपाशी उभे राहून दत्ता कोण, सुमन कोण ते सांगत होते. बेल वाजली. दारात दोघे, गळ्यात ओळखपत्रं. पुढचा तपासनीस अरबी वळणाच्या हिंदीत म्हणाला की तक्रार आहे, इथे खूप लोक राहतात. मी म्हटलं, राहत नाही कोणी, मित्र आहेत, पिक्चर बघायला येतात. त्याने आत येऊन पाहिलं. गालिच्यावरच्या सगळ्यांनी ओळखपत्रं काढली. अकराही जणांनी पत्ता कॅम्पचा सांगितला. मग तो स्वयंपाकघराकडे गेला, लहान खोलीचं दार उघडलं, पलंग पाहिला. "इधर कौन?"

"कोई नहीं. कामवाली की खोली है," मी म्हणालो.

त्याने टीव्हीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं. "और ये?"

व्हिसा, नोकरी, सईची शाळा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. 'माझे मित्र आहेत' एवढंच म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. मी म्हणालो, "मैं इनको नहीं जानता. इन लोगों के साथ आया होगा."

तपासनीसाने त्यांनाच विचारलं, "आप इधर रहता है?" डेन्मार्ककरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही; पाइप हलवून बघताना बघत असतील तसं. मग म्हणाले, "नहीं साब. पिक्चर देखने आया था."

"यल्ला, चलो," तो म्हणाला, "भीड मत करो." तोंडी ताकीद दिली आणि गेला. दंड नाही, नोटीस नाही. माझं खोटं उत्तम चाललं.

अकरा जण उठले. त्यांच्याबरोबर डेन्मार्ककरही चपला घालून निघाले, अंगावरच्या कपड्यांनिशी. मी "थांबा" म्हणालो नाही. तो तपासनीस खाली गाडीत बसला असेल, या भीतीने. तिसऱ्या दिवशी कंपनीचा ड्रायव्हर येऊन त्यांचं सामान घेऊन गेला. डीव्हीडींचा खोका मीच बांधून दिला होता.

बायकोला मी फोनवर सांगितलं, "डेन्मार्ककरांची बदली झाली." तिला वाईट वाटलं, आपल्याला न भेटता गेले म्हणून. सोफ्यावरच्या मंडळींनाही तेच सांगितलं. पुढे त्यांच्या कंपनीने खरोखरच यार्ड शारजाहच्या हमरिया फ्री झोनमध्ये हलवलं आणि माझं खोटं आपोआप खरं झालं. मला त्याचं हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. आम्ही अबू धाबीतच, खलिफा सिटीत, भाड्याने फ्लॅट घेतला. इथल्या करारनाम्यात सगळं नियमात आहे. तरी बेल वाजली की मी आधी दाराच्या भिंगातून बघतो.

दोन वर्षं अशी गेली. मागच्या महिन्यात जेवताना सईने विचारलं, "बाबा, डिड यू एव्हर कॉल अंकल?" 'वेळच मिळाला नाही' हे नेहमीचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि ते निघेना. त्या दोघींना सगळं सांगितलं. वर्षाने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? त्यांना सांग."

रविवारी सकाळी मी हमरियाला निघालो. वाटेत दोनदा गाडी बाजूला घेतली, परत फिरावं म्हणून. कॅम्पच्या मेसमध्ये पोचलो तेव्हा जेवणं चालली होती. लांब टेबलं, स्टीलची ताटं, भाताची वाफ. डेन्मार्ककरांचे केस पार पांढरे झाले होते. मला बघून उठले. "साहेब, या, बसा. जेवणार ना? वहिनी कशा आहेत? सई?" जणू मी गेल्या रविवारी भेटलो होतो. त्यांच्या शेजारी बाबू बसला होता. त्याने मान वर केली नाही.

मी विचारलं, "पिक्चर बघता की नाही?"

"नाही आता. खोलीत सात जण थकून झोपलेले असतात, तिथे मी एकटा काय बडबडणार." ते सहज बोलले. मला पाणी सरकवलं.

मी म्हटलं, "जरा बाहेर येता का? बोलायचं होतं."

"त्या दिवसाचं ना?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "खलास झालं ते, साहेब. तुमच्या जागी कोणीही घाबरला असता. माफी वगैरे नको. जेवा."

ते मला सोडवत होते. त्या दिवशी सोडवलं तसंच. मी बाहेर गेलो असतो, दोन शब्द बोललो असतो, त्यांनी माझा हात दाबला असता आणि मी हलका होऊन अबू धाबीला परतलो असतो. पण मी खोटं बोललो होतो ते अकरा माणसांसमोर, आणि त्यांतले पाच-सहा चेहरे मला त्याच टेबलावर दिसत होते.

मी बसलो नाही. खुर्चीची पाठ धरली. आवाज मोठा करावा लागला, कारण मेसमध्ये भांड्यांचा गोंगाट होता. म्हणालो, "बाबू, जरा इकडे बघ. तुम्हीपण सगळे ऐका. सुधाकरभाऊ चार वर्षं माझ्या घरी राहत होते. मी त्यांना चांगला ओळखत होतो. त्या दिवशी मी खोटं बोललो आणि त्यांची खोली गेली, ती माझ्यामुळे गेली." बाबूने मान वर केली. मी डेन्मार्ककरांकडे वळलो. "भाऊ, मला माफ करा."